स्टायर की मोरिनी: ऐरोलीच्या एका शूटरचं पिस्तूल कसं ठरलं

केस अशी आहे. अकरावीतली मुलगी, राहायला ऐरोली, प्रॅक्टिस ठाण्यात, इव्हेंट 10 मीटर एअर पिस्तूल. दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर काढली, 60 शॉटला 600 पैकी 550 च्या आसपास स्कोअर स्थिरावला, आणि सरांनी सांगितलं की आता स्वतःचं घ्या, क्लबच्या पिस्तुलावर यापुढे काही हलणार नाही. घरी पैशाचं गणित एकदाच जमणार होतं म्हणून चुकून चालणार नव्हतं. समोर शेवटी दोनच उरली, स्टायर इव्हो 10, मेकॅनिकल ट्रिगरवालं, आणि मोरिनी सीएम 162 ईआय, शॉर्ट मॉडेल, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. मी त्याच रेंजचा जुना मेंबर, कोच नाही, पण ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदलायची, हवेचा सिलिंडर भरायचा, ट्रिगर वजनावर आणायचा ही कामं फिरून माझ्याकडेच येतात, त्यामुळे या निवडीत मी सुरुवातीपासून होतो. सगळं लिहून ठेवतोय कारण दर सीझनला कुणाचे ना कुणाचे आईबाबा हाच प्रश्न घेऊन येतात.

आधी कायद्याचं, कारण नवीन पालक तिथेच घाबरतात. 4.5 मिलिमीटर म्हणजेच .177 बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतची एनर्जी असलेल्या एअर वेपनला आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे लायसन्स लागत नाही. मॅचच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सुटतो, गणित केलं तर साडेपाच-पावणेसहा ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. पण ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत काळी केस घेऊन रोज ये-जा करायची म्हटल्यावर बिलाची कॉपी आणि क्लबचं कार्ड केसमध्येच ठेवा, स्टेशनवर कुणी उघडायला लावली तर दोन मिनिटांत विषय संपतो. आणि किमतीबद्दल, पॅरिस ऑलिम्पिकनंतर शूटर मनू भाकरचं पिस्तूल एक कोटीचं अशी जी अफवा फिरली ती विसरा, तिने स्वतःच सांगितलं होतं की दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजाराची गोष्ट आहे. तेही आपल्याकडे कमी नाहीत, पण कोटी नाहीत.

मनूचं नाव निघालं तर लगेच सांगतो, कारण इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा शब्द ऐकल्याबरोबर मुलीच्या बाबांनी पहिलं वाक्य तेच टाकलं, "दादा, टोकियोत तिचं काय झालं बघितलं ना?" 25 जुलै 2021, टोकियो ऑलिम्पिकचं क्वालिफिकेशन चालू असताना पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, उरलेले शॉट घाईत मारून 575 केले, बारावी आली, फायनल दोन पॉइंटने हुकली. बाबा रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहेत, त्यांचं म्हणणं सरळ होतं की ज्यात सर्किट आहे ते कधीतरी दगा देणार, लोखंडाचं काम लोखंडाने करावं. माझं मत थोडं वेगळं. एक तर मेकॅनिकल पिस्तुलातही स्प्रिंग तुटते, सील गळतं, स्क्रू ढिला होतो, मॅचला बंद पडलेली दोन्ही जातीची मी बघितली आहेत. दुसरं म्हणजे त्याच मनूने 2024 ला पॅरिसमध्ये 10 मीटरलाच दोन ब्राँझ घेतले, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर मिक्स्डमध्ये. टोकियोवरून शिकायचं असेल तर ते सर्किटबद्दल नाही, पिस्तूल बंद पडल्यावर पुढच्या दहा मिनिटांत तुमच्या हाताशी काय आहे त्याबद्दल शिकायचं. हा मुद्दा शेवटी निर्णयात आला, पण तेव्हा बाबांना तो पटला नव्हता.

दोन्ही पिस्तुलं एकाच वर्गातली आहेत हे आधी मान्य करा. दोन्ही प्री-चार्ज्ड, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, 200 बार दाबाचा सिलिंडर, एका भरणीत दीडशेच्या वर शॉट, वजन किलोच्या आसपास, नियमात कमाल दीड किलो चालतं. ट्रिगर दोन्हीत पाहिजे तसा सेट होतो. स्टायरमध्ये धक्का खाणारा अ‍ॅब्सॉर्बर आहे, मोरिनीत नाही, पण या ताकदीच्या पिस्तुलाला धक्का असून असून किती असणार, फरक जाणवतो तो शॉट सुटल्यानंतर साईट, म्हणजे नेम धरायची खूण, किती उडते त्यात, स्कोअरमध्ये मला तरी कधी दिसला नाही. आणि अचूकतेचं म्हणाल तर शिकंज्यात धरून मारलं की दोन्हीही एका भोकात पाच छर्रे घालतात. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, आणि छर्‍याची नुसती कड लागली तरी दहा मोजतात. पिस्तूल दहा मारू शकतं का हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे या मुलीच्या हातात कोणतं जास्त वेळा मारेल.

पहिली ट्रायल अगदी सरळ केली. रेंजवरच्या एका काकांचं स्टायर आणि दुसर्‍या एका ज्युनियरचं मोरिनी, दोघांनीही आनंदाने दिलं. मोरिनीवर सिरीज, म्हणजे दहा शॉटचे शंभरपैकी गुण, 93, 94 अशा, स्टायरवर 88, 90. मुलगी खूश, ज्युनियर खूश, बाबा जरा खट्टू पण आकडे समोर होते म्हणून गप्प. तिथेच ऑर्डर द्यायला निघाले होते.

सरांनी थांबवलं. त्यांनी टार्गेटकडे बघितलंच नाही, मुलीला स्टायर पुन्हा धरायला लावलं आणि बाजूला उभे राहून नुसता हात बघितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जी खोबण असते ती ग्रिपच्या मागच्या भागाला टेकतच नव्हती, मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. तळहाताच्या खालच्या बाजूला तसंच. आणि मुख्य म्हणजे तर्जनी ट्रिगरवर जेमतेम पोचत होती, पहिल्या पेराचं टोक तेवढं टेकलेलं, त्यामुळे ती ट्रिगर सरळ मागे ओढत नव्हती, डावीकडे ढकलत होती. टार्गेट नंतर बघितलं तर तसंच, आठ-नऊ सगळे डावीकडे पडलेले, वर-खाली फैलाव नाहीच. काकांची ग्रिप मीडियम, वर त्यांनी स्वतःच्या पंजाप्रमाणे पुट्टी लावून आणखी भरलेली. ज्युनियरच्या मोरिनीवर स्मॉल ग्रिप. म्हणजे आम्ही इतका वेळ दोन पिस्तुलं नाही, दोन ग्रिपा तोलत होतो. दुसर्‍याच्या मापाची चप्पल घालून रस्ता खराब आहे म्हणण्यासारखं.

इथे एक गंमत सांगतो. मोरिनीचं नाव ग्रिपांसाठी आधीपासून मोठं आहे, दुसर्‍या कंपन्यांच्या पिस्तुलांवर बसणार्‍या ग्रिपाही ते बनवतात, स्टायरवर मोरिनीची ग्रिप हे कॉम्बिनेशन अनेक रेंजवर दिसतं. तेव्हा 'मोरिनी हातात छान बसतं' हे बरोबर असलं तरी त्यातला 'छान' विकत घेऊन स्टायरवरही लावता येतो. आणखी एका मुलाकडून स्मॉल ग्रिप मागून काकांच्या स्टायरवर बसवली, दोन स्क्रूचं काम.

आता ग्रिप इतकी का महत्त्वाची ते एकदा आकड्यात बघा, कारण हे कळलं की बाकी जाहिराती आपोआप लहान वाटायला लागतात. छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. आता हात थोडा हलला पण साईट एकमेकांशी जुळलेली राहिली, म्हणजे सगळं पिस्तूल आहे तसं 8 मिलिमीटर बाजूला सरकलं, तर टार्गेटवरही 8 च मिलिमीटर, दहा वाचला. पण मनगट वळलं आणि पुढची साईट मागच्या खाचेत तिरकी झाली तर? दोन साईटमधलं अंतर 35 सेंटिमीटर धरा, टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे पुढची साईट जेमतेम पाव मिलिमीटर सरकली की तिकडे 8 मिलिमीटर झाले. पाव मिलिमीटर! बाबांनी हे ऐकलं आणि खिशातून पेन काढून तिथेच त्रैराशिक मांडलं, 0.28 आलं, आणि मग म्हणाले की असं असेल तर ग्रिपमध्ये पेन्सिलीएवढी फट म्हणजे काय बोलता. टूलरूमच्या माणसाला हे एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

स्मॉल ग्रिप लावल्यावर स्टायरचा डावीकडचा फैलाव बसला. सिरीज 91, 93, 92. आणि मोरिनीवर त्याच आठवड्यात 92, 90, 94. कोण जिंकलं? कुणीच नाही, आणि हेच पालकांना समजावणं सगळ्यात अवघड जातं. या मुलीची सिरीज एकाच पिस्तुलावर, एकाच दिवशी, 88 पासून 95 पर्यंत हलते. जिथे माणूसच सात पॉइंट हलतो तिथे दोन पॉइंटच्या फरकावरून पिस्तूल ठरवायचं म्हणजे नाणेफेक केल्यासारखंच आहे. स्कोअरवर ठरवायचं असेल तर दोन्हीवर महिनोन्महिने शूट करावं लागेल आणि तेवढ्या दिवसांत मुलगी स्वतःच सुधारलेली असेल. म्हणून स्कोअर बाजूला ठेवला आणि कोर्‍या कार्डावर आणलं, टार्गेट उलटं लावायचं, काळा गोळा नाही, फक्त साईट आणि ट्रिगर. कार्डावर ग्रुपचा, म्हणजे भोकांच्या घोळक्याचा, आकार बघायचा. दोन्हीवर ग्रुप जवळपास सारखाच, गोल, फक्त शॉर्ट मोरिनीवर थोडा मोठा. त्याचं कारण साधं आहे, साईटमधलं अंतर कमी असलं की तीच चूक डोळ्याला लहान दिसते. शॉर्टला समोरचा भार कमी म्हणून लहान मुलामुलींना ते हलकं वाटतं, आवडतं, पण ही आता लहान नाही, दोन वर्षं तिने लांब पिस्तूल उचललं आहे, खांदा तयार आहे. माझ्या मते अकरावीतल्या मुलीसाठी शॉर्ट घेणं म्हणजे पुढच्या वर्षी ते विकायची तयारी.

ट्रिगरचं मात्र खरं वेगळेपण होतं. नियमात किमान 500 ग्रॅम, नळी उभी धरून वजन टांगतात, उचललं गेलं पाहिजे, तीन चान्स मिळतात. इलेक्ट्रॉनिकचा ब्रेक, म्हणजे ट्रिगर सुटायचा क्षण, अगदी काचेसारखा, प्रत्येक वेळी तोच, घासणारं काही नाहीच त्यात. मुलगी पहिल्या काही शॉटना दचकली, "अरे, सुटलाच!" असं म्हणाली, कारण क्लबच्या पिस्तुलावर दुसर्‍या स्टेजला, ट्रिगर जिथे अडतो तिथे, बोट टेकवून थांबायची सवय, इथे टेकवलं की गेलाच. सवय लागते, तो दोष नाही. स्टायरचा मेकॅनिकल ट्रिगर नीट सेट केला तर भिंत स्पष्ट लागते, तिला ती आवडली. इलेक्ट्रॉनिकचं अजून एक कौतुक असतं की घरी ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता सराव, करताना लीव्हर पुन्हा पुन्हा उचलावा लागत नाही. बरोबर आहे, पण 10 मीटरला आपण प्रत्येक शॉटनंतर हात खाली घेतो, लीव्हर उघडतो, छर्रा टाकतो, श्वास घेतो, मग हात वर. ती लय हाच खेळाचा अर्धा भाग. घरी भिंतीसमोर लीव्हरशिवाय टकटक करत बसलात तर मॅचला नसलेली लय पक्की होते. हे माझं मत आहे, सरांचं याहून सौम्य आहे.

मग शेवटी ठरलं कशावर? जे पिस्तुलाच्या बाहेर आहे त्यावर. आमच्या रेंजवर स्टायर तीन आहेत, मोरिनी एक. सिलिंडरचे अडॅप्टर प्रत्येक कंपनीचे वेगळे, आमच्या हवेच्या मोठ्या टाकीवर स्टायरचा कायम लावलेला असतो. मॅचच्या आदल्या दिवशी सील गेलं तर काकांच्या डब्यात ओ-रिंग आहे, मॅचच्या दिवशी पिस्तूलच बंद पडलं तर तिचीच ग्रिप काकांच्या पिस्तुलावर दोन स्क्रूत लागते आणि ट्रिगर ओळखीचा असतो. टोकियोचा जो मुद्दा वर अर्धवट सोडला होता तो हा. बाबांना सर्किट नको होतं, आणि मला रेंजवर जोडीदार नसलेलं पिस्तूल नको होतं, दोघांचं उत्तर एकच आलं, स्टायर, पण कारणं वेगळी होती, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. कारण उद्या हीच मुलगी पुण्याला बालेवाडीत प्रॅक्टिसला गेली आणि तिथे तिच्या सोबतच्या सगळ्यांकडे मोरिनी असलं तर माझा सल्ला उलटा असेल. ज्यांना घरून एकट्याने सगळं सांभाळायचं आहे त्यांचंही गणित वेगळं.

सिलिंडरबद्दल एक वेगळं सांगायला हवं कारण यात लोक फसतात. प्रत्येक सिलिंडरवर तारीख असते, जास्तीत जास्त दहा वर्षं, मुदत गेलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि ती बघायची जबाबदारी शूटरची. या व्यवहारात मध्येच एक सेकंडहँड पिस्तूल बरंच स्वस्त मिळत होतं, विकणारा म्हणे एकदम नवं आहे, बाबांनी पहिल्यांदा सिलिंडर फिरवून तारीख वाचली, मुदतीत काही महिने उरलेले, आणि दुसरा सिलिंडर बाहेरून मागवायचा खर्च मिळवला तर स्वस्ताई संपत होती. आणि पावसाळा. जूनपासून ऐरोली-ठाण्याकडे हवेत पाणीच असतं, हवेच्या हँडपंपाने भरलं तर ती ओल सिलिंडरमध्ये जाते, पुढे हवेचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे. पंपाला ड्रायर नसेल तर पावसाळ्यात हँडपंप मला चालत नाही, टाकीवरूनच भरा. लाकडी ग्रिपही फुगते, जुलैमध्ये घट्ट वाटणारी ग्रिप डिसेंबरात सैल होते, हे दरवर्षी होतं तरी दरवर्षी कुणीतरी विचारतं की माझा ग्रुप का बिघडला.

पिस्तूल आल्यावरचं काम बाबांनी मनावर घेतलं ते बघण्यासारखं होतं. स्मॉल ग्रिप असूनही तळहाताच्या मधल्या खळग्यात थोडी पोकळी राहत होती, तिथे एम-सील मळून लावलं, मुलीने हाताला पावडर लावून ग्रिप पकडली, साईट जुळवून तशीच धरून ठेवली, सोडली तेव्हा रेषा-रेषांसकट ठसा उमटलेला. सुकल्यावर पॉलिश पेपरने घासायचं, धरायचं, जिथे चमक येते तिथे हात जास्त दाबला जातोय म्हणून तिथे पुन्हा घासायचं. घाई केली नाही, रोज थोडं. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, तळहाताचा खालचा टेकू वर वळलेला नको, हे नियम सरांनी आधीच बजावले होते. पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या बॉक्समध्ये बसावं लागतं आणि पुट्टीने ग्रिप जाड झाली की पहिला घोळ त्या 50 मध्ये होतो, म्हणून त्यांनी कंपनीत प्लायचा बॉक्सच करून आणला, वर्निअर लावून. आणि ट्रिगरसाठी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, वर तारेचा हूक, कोपर्‍यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून हूक-बाटलीसकट बरोबर 510 ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतून कमी केलेलं. किराणावाला विचारत होता हे काय, तर म्हणाले पोरीचा अभ्यास.

पहिल्या मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये वजन पहिल्याच चान्सला उचललं गेलं, बॉक्समध्ये पिस्तूल बसलं. स्कोअर 553, म्हणजे क्लबच्या पिस्तुलावर होता साधारण तेवढाच, आणि सरांच्या मते पहिले काही महिने तो तसाच राहणार आहे. सध्या वाद चालू आहे तो पुढे नळीखाली वजन लावायचं की नाही यावर. बाबा म्हणतात 20 ग्रॅमने हात स्थिर होईल, मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही साठ शॉट उचलून बघा आधी." त्यांनी खरंच उचलून बघितले, चाळिसाव्याला खुर्चीत बसले, आणि वजनाची पुडी अजून केसच्या कप्प्यातच आहे.